पॅच मारला की काळा पडदा: आधी रॉम तपासा

दर मे महिन्यात माझ्याकडं हीच तक्रार येते. शाळांना सुट्टी, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पोरं कूलरसमोर बसून जुन्या गेमच्या फॅन हॅकच्या, म्हणजे चाहत्यांनी बदललेल्या गेमच्या, मागं लागतात. मारिओच्या नव्या लेव्हली, पोकेमॉनची वेगळी गोष्ट, एखाद्या जपानी गेमचं इंग्रजी भाषांतर. पॅच उतरवायचा, रॉमवर (म्हणजे कॅसेटमधल्या गेमच्या कॉम्प्युटर फाईलीवर) मारायचा, आणि काळा पडदा. नाहीतर पांढरा. नाहीतर गेम सुरू होतो खरा, पण मारिओच्या जागी रंगीत चौकटींचा चिवडा. मग मला फोन.

यंदाचा पहिला फोन भाच्याचा, जुळे सोलापुरातनं.

"मामा, परत काळंच येतंय की."

"कुठल्या फाईलीवर मारलास?"

"त्याच. मागच्या वेळच्या."

"मागच्या वेळची म्हणजे ज्याच्यावर जुना पॅच मारला होता ती?"

पलीकडं शांतता. मग हळूच, "ती नाही चालत का?"

ती नाही चालत. याच्यासाठीच ही पोस्ट लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. दहातल्या नऊ वेळा दोष हॅक बनवणाऱ्याचा नसतो, एम्युलेटरचाही (जुन्या गेम यंत्राची नक्कल करून गेम चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो. पॅच ज्या फाईलीवर मारला ती फाईलच चुकीची असते. आणि हे तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण पॅच मारणारं सॉफ्टवेअर शेवटी हसतमुखानं 'झालं' म्हणून मोकळं होतं.

पॅच म्हणजे पूर्ण गेम नव्हे हे आधी डोक्यात बसवा. मूळ गेम कंपनीचा, त्यावर कॉपीराइट आहे. म्हणून हॅकवाले फक्त बदलांची यादी वाटतात, मूळ फाईल तुमची तुम्ही आणायची. (कुठून आणायची ते मला विचारू नका. स्वतःची कॅसेट असेल तर ती वाचून रॉम बनवणारी यंत्रं मिळतात, एवढं सांगतो.) ही यादी ज्या जुन्या पद्धतीनं लिहिलेली असते तिचं नाव आयपीएस. तिच्यात एवढंच असतं: फाईलीत अमुक जागेवर जा, तिथं हे बाइट लिही. पुढं तमुक जागेवर जा, तिथं हे लिही. आपण बरोबर फाईलीत आहोत का, हे बघायची सोय आयपीएसमध्ये नाहीच. एकदा एका पोरानं रॉमची झिप उघडलीच नाही, थेट झिपवर आयपीएस मारला. सॉफ्टवेअरनं तोही मारून दिला. झिप मेली, आणि हा तासभर एम्युलेटर बदलत बसला.

आपल्या गावाच्या भाषेत सांगतो. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. जेकार्ड म्हणजे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, दोऱ्यानं एकाला एक ओवलेली लांबच लांब माळ. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. त्या धाग्याला ताण्यातली कुठली सुतं उचलायची ते कार्डावरची भोकं ठरवतात, आणि असं एकेक कार्ड फिरत मोर उमटतो. डिझाइनमध्ये चूक निघाली तर पूर्ण माळ नव्यानं करत नसत. चिठ्ठी यायची: इतक्याव्या कार्डाचं हे भोक बुजवा, तितक्याव्याला इथं पाडा. आता समजा माळेच्या सुरुवातीला कुणीतरी एक कार्ड जास्तीचं ओवलंय. चिठ्ठी बरोबर, भोकं पाडणारा हुशार, तरी प्रत्येक भोक एक कार्ड आधी पडणार. ज्याला हात लावायचा नव्हता त्या कार्डात भोक, ज्याला लावायचा होता ते तसंच. मोराची मान वाकडी आणि पिसाऱ्यात खिंडार. चिठ्ठीला काय कळणार माळेला पुढं काय जोडलंय ते? आयपीएस म्हणजे ती चिठ्ठी.

आणि सुपर निन्टेंडोच्या रॉममध्ये हे जास्तीचं कार्ड बऱ्याचदा खरोखरच असतं. त्याला हेडर म्हणतात, बरोबर ५१२ बाइटचं. नव्वदच्या दशकात कॅसेटची नक्कल काढणारी यंत्रं निघाली होती, ती आपली खूण म्हणून फाईलीच्या डोक्यावर हे ५१२ बाइट चिकटवायची. डॉट एसएमसी हे शेपूट सुपर मॅजिकॉम नावाच्या अशाच एका यंत्रावरून आलंय. गेमला त्या हेडरची काडीची गरज नाही. एम्युलेटर ते वगळून गेम चालवतो, त्यामुळं पॅच मारायच्या आधी सगळं ठीक दिसतं. पॅच मारला की सगळी भोकं ५१२ घरं सरकतात.

ओळखायचं कसं? शेपटावर जाऊ नका, डॉट एसएमसीचं नाव बदलून डॉट एसएफसी केल्यानं हेडर जात नाही. फाईलीवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, आकार बाइटमध्ये वाचा. भाच्याच्या मित्राची सुपर मारिओ वर्ल्डची फाईल मी अशीच उघडली: ५,२४,८००. हा गेम आहे ५१२ केबीचा, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. वरचे ५१२ म्हणजे हेडर. दुसऱ्या गेमसाठी आकाराला १,०२४ ने भागा. भाग पूर्ण गेला तर हेडर नाही, ५१२ उरले तर आहे.

काढायला रॉम पॅचर नावाचं ब्राउझरमध्येच चालणारं साधन सोपं पडतं, पॅच मारताना हेडर काढायचा पर्याय ते स्वतःच समोर ठेवतं. हेक्स एडिटर (फाईलीतले बाइट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) येत असेल तर पहिले ५१२ बाइट निवडा आणि उडवा. पण एक अडचण उलटी पण येते. बऱ्याच जुन्या मारिओ हॅकचे आयपीएस हेडर असलेल्या फाईलीवरच बनवलेले आहेत. तिथं स्वच्छ फाईल घेतली की तोच चिवडा, दुसऱ्या दिशेनं. पॅचसोबत आलेली रीडमी, म्हणजे सूचनांची फाईल, कुणी वाचत नाही, तिच्यात पहिल्या पाच ओळींत हे लिहिलेलं असतं.

हेडर नसूनही बिघडलं तर मग आवृत्ती बघायची. इथं आकार उपयोगाचा नाही. पोकेमॉन फायररेडची अमेरिकन १.० आणि १.१ या दोन्ही फाईली बरोबर १६ एमबीच्या, नावंही जवळपास सारखी. पण आतला मजकूर जागोजाग सरकलेला, आणि बहुतेक हॅक १.० वर बनलेले. १.१ वर मारलं की पांढरा पडदा, किंवा पहिल्या घरातनं बाहेर पडताना गेम जागीच थिजतो. म्हणून सीआरसी बघायचा. सीआरसी म्हणजे सगळ्या बाइटवरून काढलेला आठ अक्षरी आकडा, फाईलीत एक बाइट जरी बदलला तरी तो बदलतो. विंडोजवर सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलीवर राइट क्लिक, मग 'सीआरसी एसएचए', त्यात 'सीआरसी-३२'. मला पाठ झालेले सांगतो, इंग्रजी अक्षरं आपली आपण वाचा. फायररेड १.० चा डीडी८८७६१सी, १.१ चा ८४ईई४७७६. सुपर मारिओ वर्ल्डच्या अमेरिकन, हेडर नसलेल्या फाईलीचा बी१९ईडी४८९. हे जुळत नसेल तर पुढं जाऊच नका.

खरं तर हे सगळं तपासायचं काम पॅचनंच करायला हवं, आणि नवी पद्धत, बीपीएस, ते करते. तिच्यात मूळ फाईलीचा, तयार होणाऱ्या फाईलीचा आणि पॅचचा, तिघांचाही सीआरसी लिहिलेला असतो. चुकीची रॉम दिली तर फ्लिप्ससारखं सॉफ्टवेअर सरळ नकार देतं. पोरं त्या नकारावर चिडतात आणि कुठूनतरी त्याच हॅकचा जुना आयपीएस शोधून आणतात, 'कारण तो लागतो'. तो लागतो म्हणूनच तर घात होतो! बीपीएस आणि आयपीएस दोन्ही मिळत असतील तर डोळे झाकून बीपीएस घ्या. आयपीएसला आणखी एक मर्यादा आहे. जागा लिहायला तिथं तीनच बाइट, त्यामुळं १६ एमबीच्या पुढं ती पोचतच नाही. ३२ एमबीपर्यंत फुगवलेले पोकेमॉन हॅक म्हणूनच यूपीएस (ही पॅचची आणखी एक पद्धत) किंवा बीपीएसमध्ये येतात.

यूपीएसची एक गंमत. ती दोन्ही दिशांना चालते. पॅच मारलेल्या फाईलीवर तोच यूपीएस परत मारला की मूळ गेम परत येतो. एकानं 'नीट लागला नसेल' म्हणून दुसऱ्यांदा मारला आणि मग मला सांगतोय, हॅक खोटा आहे, साधाच गेम येतोय.

भाच्याचा घोळ यातलाच, पण वेगळा. त्यानं हॅकच्या १.१ वर १.२ चा पॅच मारला होता. मोबाईलच्या अपडेटसारखं एकावर एक चढतं अशी त्याची समजूत. तसं नसतं. नव्या आवृत्तीचा पॅच परत स्वच्छ मूळ फाईलीवरच मारायचा, रीडमीत मुद्दाम वेगळं लिहिलं असेल तेवढं सोडून. माझ्याकडं 'मूळ' नावाचा एक फोल्डर आहे, त्यातल्या सगळ्या फाईली रीड-ओन्ली. पॅच मारताना तिथून प्रत काढायची, मूळ फाईलीला हात लावायचा नाही.

तर आम्ही स्वच्छ फाईल घेतली, सीआरसी जुळवला, पॅच मारला, फाईल त्याच्या हातातल्या चिनी डब्याच्या (एम्युलेटर घालून मिळणारं छोटं गेम यंत्र) मेमरी कार्डात टाकली. सुरू केलं. परत चिवडा.

इथं मी पण दहा मिनिटं खाल्ली. मग लक्षात आलं की त्या डब्यात 'ऑटो लोड स्टेट' चालू होतं. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचा फोटो. फाईलीचं नाव तेच ठेवल्यामुळं डब्यानं गेम उघडल्या उघडल्या जुन्या, बिघडलेल्या हॅकचा फोटो नव्या हॅकवर आणून चिकटवला. स्टेटची फाईल उडवली आणि गेम पहिल्या झटक्यात लागला. भाच्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ती तिथं ठेवली होती. रेट्रोआर्च या एम्युलेटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ही सेटिंग असते. हॅक बदलला की आधी ती बंद करा, आणि प्रगती जपायची असेल तर गेमच्या आतल्या सेव्हवर भरवसा ठेवा, स्टेटवर नको. आतलं सेव्ह डॉट एसआरएम किंवा डॉट एसएव्ही फाईलीत असतं आणि तिचं नाव रॉमच्या नावाशी जुळावं लागतं. रॉमचं नाव बदललं की सेव्ह 'गायब' होतं, ते त्यामुळं.

या चिनी डब्यांसोबत येणारं मेमरी कार्ड पहिल्याच दिवशी बदला, त्यावर जास्त बोलत नाही.

पोकेमॉनवाल्यांची दुसरी कायमची तक्रार: गेम सुरू होतो, पण '१एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो. कार्ड, बोर्ड काही उघडू नका. गेमला १२८ केबीची फ्लॅश सेव्ह हवी असते आणि एम्युलेटर ६४ धरून बसलाय. सेटिंगमध्ये सेव्ह टाइप फ्लॅश १२८के करा, जुनी सेव्ह फाईल बाजूला ठेवा, नव्यानं सुरू करा.

आता ते हॅक, जे बरोबर फाईलीवर बरोबर मारले तरी नीट चालत नाहीत. हे बहुतेक दोन हजारच्या आसपासचे असतात, तेव्हा सगळे झेडस्नेस नावाच्या एम्युलेटरवर खेळायचे. तो वेगवान होता, पण खऱ्या यंत्राचे नियम ढिले पाळायचा. खऱ्या यंत्रात पडद्यावर चित्र रंगवलं जात असताना चित्रांच्या मेमरीत लिहिता येत नाही, लिहिलं तर ते वाया जातं. झेडस्नेस लिहू द्यायचा. त्यावरच तपासलेली भाषांतरं आजच्या काटेकोर एम्युलेटरवर उघडली की संवादाची चौकट येते आणि आत अक्षरं नाहीत. संगीताचंही तसंच, काही जुन्या मारिओ हॅकमध्ये प्रतिध्वनीसाठी घेतलेली मेमरी गेमच्याच डेटावर चढते आणि गेम लटकतो. यावर झेडस्नेस परत टाकू नका. त्याची शेवटची आवृत्ती २००७ ची आहे आणि तो टाकून दिलेला प्रकल्प आहे. स्नेस९एक्स घ्या. त्यात 'ब्लॉक इनव्हॅलिड व्हीरॅम ॲक्सेस' नावाचा पर्याय आहे, तो फक्त या गेमपुरता बंद करा, अक्षरं येतील. संगीतासाठी 'सेपरेट एको बफर' चालू करा. दुसऱ्या गेमला जाताना दोन्ही पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर चांगला चालणारा हॅक बिघडवून परत माझ्याकडं याल.

एक तक्रार मात्र मी तक्रार धरत नाही. माझ्या वयाचे लोक हॅक चालवतात आणि म्हणतात, गेम फास्ट पळतोय, आमच्या लहानपणी असा नव्हता. बरोबर आहे, नव्हता! आपल्या टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला ५० चित्रं. जपान-अमेरिकेत ६०. आपल्याकडचे नक्कल केलेले टीव्ही गेम बरेचसे ५० वर चालायचे, म्हणजे मारिओ एक षष्ठांश हळू धावायचा आणि गाणंही तेवढंच रेंगाळायचं. आत्ता दिसतोय तो खरा वेग. हॅकबद्दलही तेच. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, होम मैदानावर आईनं घेऊन दिलेल्या माझ्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' छापलं होतं. खरे गेम मोजून सात-आठ, बाकी तेच. कुठं तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठं कॉन्ट्रात तीस जीव आधीच दिलेले. त्यातला टँक १९९० म्हणजे नाम्कोच्या १९८५ च्या बॅटल सिटीवर कुणीतरी हात फिरवलेला. आपण लहानपणापासून हॅकच खेळत आलोय, फक्त पॅच कारखान्यात आधीच मारून मिळायचा, त्यामुळं काळा पडदा माहीत नव्हता. (फुंकर मारून कॅसेट लावणं वेगळं.) त्या जुन्या टीव्ही गेमसोबतची बंदूक घेऊन डक हंटचा हॅक एलईडी टीव्हीवर खेळायचा प्रयत्न करू नका. ती बंदूक जुन्या डब्बा टीव्हीचा प्रकाश ज्या क्षणी उमटतो त्यावर चालते. यावर माझ्याकडं औषध नाही.

पोर्टचं, म्हणजे जुना गेम एम्युलेटरशिवाय थेट पीसीवर चालेल असा करून घेतात त्याचं, दुखणं थोडं वेगळं. २०१९ मध्ये सुपर मारिओ ६४ चा कोड चाहत्यांनी यंत्रभाषेतून उलटा सी भाषेत लिहून काढला, पुढच्या वर्षी तो एम्युलेटरशिवाय थेट पीसीवर चालायला लागला. झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमसाठी २०२२ मध्ये शिप ऑफ हार्किनियन आला. या पोर्टमध्ये कंपनीची चित्रं-आवाज नसतात, पहिल्यांदा चालवताना ते तुमच्या रॉममधून काढून घेतात. म्हणजे परत रॉमवरच गाडी अडते. इथं तसं वरून चिकटवलेलं हेडर नसतं, पण निन्टेंडो ६४ च्या फाईली तीन प्रकारे मांडलेल्या सापडतात आणि बाइटांची अदलाबदल झालेली असते. हेक्स एडिटरमध्ये पहिले चार बाइट बघा. ८० ३७ १२ ४० असतील तर ती सरळ फाईल, डॉट झेड६४. ३७ ८० ४० १२ असतील तर जोड्या उलटलेल्या, डॉट व्ही६४. ४० १२ ३७ ८० म्हणजे पूर्ण चौकडी उलटी. इथंही नुसतं शेपूट बदलून भागत नाही, बाइटांचा क्रम बदलून देणारं साधन वापरायला लागतं.

बाकी पोर्टच्या तक्रारी किरकोळ आहेत. फोल्डरचं नाव मराठीत किंवा मध्ये जागा सोडून ठेवलेलं असतं, तिथं काही पोर्ट अडखळतात. सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत छोट्या नावाचा फोल्डर करा, प्रोग्राम फाईल्समध्ये नको. नवी आवृत्ती उतरवली तर रॉममधून आधी काढलेली जुनी फाईल उडवून ती परत बनवू द्या. आणि २०२४ मध्ये आलेल्या मेजोराज मास्कच्या (हाही झेल्डाचाच गेम) 'झेल्डा ६४: रीकंपाइल्ड' या पोर्टला व्हल्कन किंवा डायरेक्ट-एक्स १२ चालवणारं ग्राफिक्स लागतं. दहा-बारा वर्षांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर खिडकी उघडून लगेच मिटली तर रॉमला दोष देऊ नका.

मला मेसेज करताना काळ्या पडद्याचा फोटो पाठवू नका, तो सगळ्यांचा सारखाच दिसतो. पॅच मारायच्या आधीच्या फाईलीचा आकार बाइटमध्ये, तिचा सीआरसी, पॅचचं शेपूट आणि एम्युलेटरचं नाव, एवढं पाठवा.

कालच एकानं तसं पाठवलं, मला बरं वाटलं. 'सर, तुम्ही सांगितलं तसं हेडर काढलं, तरी सुरूच होत नाही. साइज ४०,९६०.' गेम होता जुना सुपर मारिओ ब्रदर्स, म्हणजे पहिल्या निन्टेंडोचा. तिथलं हेडर वेगळं, १६ बाइटचं, आणि ते लागतंच. कॅसेटमध्ये कुठली चिप होती हे एम्युलेटरला त्यातनंच कळतं. मूळ फाईल ४०,९७६ ची असते. त्याला एवढंच लिहिलं: ते १६ परत लाव.